शुक्रवारची रांग आणि व्हिनेगरचा वास: ब्रिटनमधल्या 'चिप्पी'च्या आठवणी इतक्या ताज्या का?

शुक्रवारची संध्याकाळ. काळ १९६० किंवा १९७०च्या दशकातला. उत्तर इंग्लंडमधलं गिरण्यांचं एखादं गाव. एकमेकांना चिकटून उभी असलेली विटांची घरं आणि त्या ओळीच्या टोकाला एक दुकान, ज्याच्या काचा आतल्या वाफेनं धुरकट झाल्या आहेत. आठ-नऊ वर्षांचं एक पोर मुठीत नाणी घट्ट धरून रांगेत उभं आहे. आईनं सांगितलेली यादी विसरू नये म्हणून ते मनातल्या मनात घोकतंय. दोन मासे, तीन चिप्स, एक वाटाणे. समोरचं काउंटर त्याच्या डोक्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही. फक्त तेलात काहीतरी पडल्याचा चर्र आवाज येतो आणि पाठोपाठ व्हिनेगरचा नाकात जाणारा वास.

ब्रिटनमध्ये आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांच्या लहानपणात हे चित्र थोड्याफार फरकानं असंच सापडतं. दुकानाचं नाव बदलतं, गाव बदलतं, पण रांग, वास आणि छातीशी धरून आणलेलं गरम पुडकं तेच असतं. या दुकानाला तिथं लाडानं 'चिप्पी' म्हणतात.

आता यातली बरीच दुकानं बंद झाली आहेत आणि उरलेल्यांपैकी अनेक अडचणीत आहेत. मग प्रश्न पडतो की तळलेला मासा आणि बटाट्याचे काप या साध्या खाण्याभोवती एवढ्या आठवणी का गोळा झाल्या? आणि दुकान बंद होतं तेव्हा नेमकं काय जातं?

चिप्पी म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे 'चिप्स' म्हटलं की पाकिटातले कुरकुरीत वेफर्स डोळ्यांसमोर येतात. ब्रिटनमध्ये त्यांना 'क्रिस्प्स' म्हणतात. तिथले चिप्स म्हणजे बोटाएवढे जाड, गरम, तळलेले बटाट्याचे काप. आपल्याला माहीत असलेल्या फ्रेंच फ्राइजपेक्षा ते जाड असतात, बाहेरून थोडे कडक आणि आतून मऊ.

मासा शक्यतो कॉड किंवा हॅडॉक. दोन्ही उत्तरेकडच्या थंड समुद्रातले, पांढऱ्या मांसाचे आणि फारसा उग्र वास नसलेले. माशाचा काटे काढलेला मोठा तुकडा मैद्याच्या पातळसर पिठात बुडवून साधारण १८० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात किंवा चरबीत सोडतात. बाहेरचं आवरण लगेच कडक होतं आणि आतला मासा स्वतःच्याच ओलाव्यावर वाफेनं शिजतो. म्हणून चांगल्या दुकानातला मासा बाहेरून कुरकुरीत आणि आत पाकळ्या सुटाव्यात इतका नाजूक असतो.

यावर मीठ आणि व्हिनेगर. झालं. मसाला नाही, फोडणी नाही. मराठी जिभेला हे पहिल्यांदा अळणीच वाटण्याची शक्यता जास्त.

दोन पदार्थ, दोन वाटा

'ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ' अशी ओळख असली, तरी यातला मासा मूळचा ब्रिटिश नाही. पिठात घोळवून मासा तळायची पद्धत स्पेन आणि पोर्तुगालमधून हाकलल्या गेलेल्या ज्यू लोकांनी इंग्लंडमध्ये आणली असं इतिहासकार मानतात. ज्यू धर्मात शनिवारी, म्हणजे सब्बाथच्या दिवशी, चूल पेटवत नाहीत. त्यामुळे शुक्रवारी मासा तळून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी थंडच खायचा, अशी रीत होती. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांमध्ये फेरीवाले असा तळलेला मासा पावासोबत विकत. चार्ल्स डिकन्सच्या १८३०च्या दशकातल्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' कादंबरीत तळलेल्या माशाच्या दुकानाचा उल्लेख सापडतो.

बटाटा युरोपात आला तो दक्षिण अमेरिकेतून. पोर्तुगिजांनी तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. मराठीतला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजच. १८५९च्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' या कादंबरीत डिकन्सनं तळलेल्या बटाट्याच्या कापांचाही उल्लेख केला आहे. इंग्लंडमध्ये हे काप खास लोकप्रिय झाले ते उत्तरेकडच्या लँकाशायर आणि यॉर्कशायर भागात.

मग हे दोघे एका पुडक्यात कधी आले? इथं जुना वाद आहे. लंडनकर सांगतात की जोसेफ मॅलिन नावाच्या ज्यू व्यावसायिकानं १८६०च्या सुमारास पूर्व लंडनमध्ये पहिलं दुकान काढलं. उत्तरेतले लोक म्हणतात की मान जॉन लीस यांचा, ज्यांनी १८६३च्या सुमारास मँचेस्टरजवळच्या मॉस्लीच्या बाजारात लाकडी टपरीत मासा आणि चिप्स विकले. ओल्डहॅम गावानं तर आपल्या बाजारात चिप्सच्या जन्माची पाटीच लावली आहे. वादाचा निकाल लागलेला नाही आणि लागावा असं कुणाला फारसं वाटतही नसावं.

कामगार वस्तीचं सामाईक स्वयंपाकघर

चिप्पी वाढली ती चवीपेक्षा गरजेमुळे. लँकाशायरच्या कापड गिरण्यांमध्ये बायका लग्नानंतरही कामाला जात. दिवसभर मागावर उभं राहून घरी आल्यावर चूल पेटवायची, भांडी काढायची, पोरांना जेवू घालायचं, हे सगळं छोट्या घरात, कोळसा मोजून वापरत करायचं. अशा वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात चार पैशांत गरम, पोटभर जेवण मिळत असेल तर ते चोचले कसे म्हणायचे?

त्याच काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. वाफेवर चालणाऱ्या मासेमारी बोटी आल्या आणि त्या दूरच्या समुद्रातून भरपूर मासा आणू लागल्या. आणि ग्रिम्सबी, हल, फ्लीटवूड, ॲबर्डीन या बंदरांतून बर्फात ठेवलेला मासा रेल्वेनं देशभर पोहोचू लागला. समुद्रापासून लांबच्या गिरणगावातही ताजा कॉड स्वस्तात मिळू लागला.

अनेक दुकानं म्हणजे घराची पुढची खोलीच असायची. एक तळणीची भट्टी घ्यायची, बायको-नवरा दोघांनी राबायचं आणि वर माडीवर राहायचं. १९१०च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशी साधारण २५,००० दुकानं होती, आणि १९२०च्या दशकात हा आकडा ३५,०००च्या आसपास पोहोचला. दुकानदारांची राष्ट्रीय संघटना १९१३ साली स्थापन झाली होती.

पण प्रतिष्ठा मात्र नव्हती. तळणीच्या वासामुळे हा धंदा अनेक ठिकाणी 'उपद्रवी धंद्यां'च्या यादीत होता, म्हणजे हाडं उकळणाऱ्या किंवा कातडी कमावणाऱ्यांच्या पंगतीत. सुखवस्तू लोकांना ही दुकानं गलिच्छ वाटत. कामगारांच्या बायकांनी घरी रांधायचं सोडून आळशीपणा चालवलाय, अशी टीकाही व्हायची.

जॉर्ज ऑर्वेलनं १९३७च्या 'द रोड टू विगन पिअर' या पुस्तकात वेगळं निरीक्षण नोंदवलं. मंदी आणि बेकारीच्या काळात ज्या स्वस्त सुखांमुळे कामगारवर्गाचा असंतोष क्रांतीपर्यंत गेला नाही, त्या यादीत त्यानं फिश अँड चिप्सलाही बसवलं. दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मांस, सगळ्यावर रेशनिंग आलं, पण फिश अँड चिप्सवर नाही. मासा आणि चरबीची टंचाई होती, दुकानं रोज उघडत नसत आणि रांगा लांबच लांब असत, पण दुकान उघडलं की कूपनशिवाय गरम जेवण मिळायचं. नाकं मुरडणाऱ्या ब्रिटनला हा पदार्थ आपलासा वाटू लागला तो याच काळात.

आठवणीत नेमकं काय असतं?

चिप्पीबद्दल बोलताना लोक चवीवर येतात ते बऱ्याच वेळानं. आधी येतात या गोष्टी.

वार. बहुतेकांच्या आठवणीत शुक्रवार असतो. कॅथलिक परंपरेत शुक्रवारी मांस खात नाहीत, मासा चालतो. शिवाय अनेक कारखान्यांत आठवड्याचा पगार शुक्रवारी व्हायचा. म्हणजे पगार हातात पडायचा, आईला स्वयंपाकातून सुटी मिळायची आणि पोरांना चिप्पी. गुड फ्रायडे हा आजही या दुकानांचा वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस असतो.

भांडं. उत्तरेत वाटाणे किंवा चिप्स घ्यायला घरून वाडगा न्यायची पद्धत होती. गरम वाडगा फडक्यात गुंडाळून, न सांडता घरी आणणं ही पोरांची जबाबदारी.

चुरा. तळताना पिठाचे थेंब तेलात पडून कुरकुरीत बुंदीसारखे कण तयार होतात. यॉर्कशायरमध्ये त्यांना 'स्क्रॅप्स' म्हणतात. खिशात पैसे कमी असले की पोरं चिप्सवर हा चुरा मागायची आणि तो सहसा फुकट मिळायचा. वडापावच्या गाडीवर "भाऊ, जरा चुरा टाका" म्हणणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको.

कागद. आत एक साधा पांढरा कागद, बाहेरून जुनं वर्तमानपत्र. चिप्स संपत आले की त्याच कागदावरची क्रिकेटची किंवा फुटबॉलची बातमी वाचायची. शेजारीपाजारी रद्दी साठवून दुकानाला द्यायचे आणि बदल्यात मूठभर चिप्स मिळवायचे. छपाईच्या शाईचा अन्नाशी संबंध नको म्हणून १९८०च्या दशकापर्यंत ही पद्धत बंद झाली. भारतातही अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ साली वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना काढली होती. त्यामुळे कागदावर उमटलेला तेलाचा डाग आणि त्यातून वाचलेली अर्धवट बातमी ही आठवण दोन्हीकडच्या पिढ्यांना ओळखीची आहे.

व्हिनेगर. यात एक गंमत आहे. अनेक दुकानांतल्या बाटलीत खरं व्हिनेगर नसतंच. पाण्यात ॲसेटिक ॲसिड मिसळून, त्याला तपकिरी रंग देऊन तयार केलेलं ते स्वस्त द्रावण असतं आणि कायद्यानं त्याला 'व्हिनेगर' म्हणता येत नाही. पण घरी महागातलं माल्ट व्हिनेगर शिंपडूनही "दुकानासारखं लागत नाही" अशी तक्रार होते, त्यामागचं एक कारण हेही असू शकतं.

काउंटर. लहानपणी डोक्यापेक्षा उंच असलेलं काउंटर हळूहळू हनुवटीला, मग छातीला येतं. त्याच दुकानात, त्याच रांगेत उभं राहून मुलाला आपण मोठे झाल्याचं कळत जातं. घरच्यांशिवाय, स्वतःच्या हातानं पैसे देऊन केलेली पहिली खरेदी अनेकांच्या बाबतीत चिप्पीतली असते.

गाव बदललं की यादी बदलते

फिश अँड चिप्स देशभर एकच असलं तरी सोबत काय मागायचं यावरून माणूस कुठला ते कळतं.

यॉर्कशायर: इथं हॅडॉकला पसंती. अनेक दुकानं आजही गोमांसाच्या चरबीत, म्हणजे 'बीफ ड्रिपिंग'मध्ये तळतात.

लँकाशायर आणि मँचेस्टर: चिप्सवर घट्ट ग्रेव्ही, सोबत 'मशी पीज', म्हणजे भिजवून मऊ शिजवलेले वाटाणे. विगनमध्ये तर वाटाण्याचं नुसतं पाणीही चिप्सवर घालतात.

हल: इथली 'पॅटी' म्हणजे उकडलेल्या बटाट्यात सेज नावाचा वनस्पतीचा पाला घालून, पिठात बुडवून तळलेला गोळा. आपल्या बटाटेवड्याची लांबची बहीणच. वरून लालसर 'चिप स्पाइस', हाही हलचाच.

लंडन: लोणच्यातली काकडी ('वॉली'), लालभडक सेव्हलॉय सॉसेज आणि 'रॉक सॅमन'. नावात सॅमन असलं तरी हा मासा म्हणजे छोटा शार्क, कोकणात ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात त्याच जातकुळीतला.

स्कॉटलंड: इथं 'फिश सपर' मागायचं. एडिंबरामध्ये व्हिनेगरऐवजी पातळ तपकिरी सॉस मिळतो. ग्लासगोकर आणि एडिंबराकर यावरून एकमेकांना आजही चिडवतात.

आयर्लंड: दुकानाला 'चिपर' म्हणतात. डब्लिनमध्ये 'वन अँड वन' म्हटलं की एक मासा आणि एक चिप्स. हा शब्द तिथल्या सुरुवातीच्या इटालियन दुकानदारांच्या काळापासून आला असं सांगतात.

काउंटरच्या पलीकडची आठवण

रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांच्या आठवणी गोड असतात. काउंटरच्या मागे वाढलेल्या मुलांच्या आठवणी वेगळ्या असतात.

'अस्सल ब्रिटिश' समजला जाणारा हा धंदा दीडशे वर्षांत मोठ्या प्रमाणावर स्थलांतरितांनी चालवला. सुरुवात ज्यूंनी केली. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये इटालियन कुटुंबं आली, स्कॉटलंडमध्ये अनेक जण टस्कनीतल्या बार्गा गावचे, तर आयर्लंडमध्ये कासालात्तिको या एकाच डोंगराळ भागातले. पुढे सायप्रसमधले ग्रीक आणि तुर्क, हाँगकाँगमधून आलेले चिनी, मग भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबं. चिप्सवर 'करी सॉस' घालायची सवय पसरली तीही मुख्यतः चिनी कुटुंबांच्या दुकानांतून. म्हणजे भारतीय जेवणाची इंग्रजांनी केलेली कल्पना, चिनी हातांनी, इटालियन किंवा ज्यू माणसानं सुरू केलेल्या दुकानात.

लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठातले इतिहासकार पानिकोस पनायी यांनी या पदार्थाचा इतिहास लिहिताना हाच मुद्दा मांडला की ब्रिटिश ओळखीचं प्रतीक बनलेला पदार्थ स्थलांतरितांशिवाय उभाच राहिला नसता.

पण शेजाऱ्यांनी ही गोष्ट नेहमीच लक्षात ठेवली नाही. १० जून १९४० रोजी इटलीनं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच रात्री अनेक शहरांत इटालियनांच्या दुकानांच्या काचा फुटल्या. वर्षानुवर्षं गल्लीला चिप्स आणि आइस्क्रीम विकणाऱ्या माणसांना 'शत्रुदेशाचे नागरिक' म्हणून पकडण्यात आलं. त्यातल्या अनेकांना कॅनडाला घेऊन निघालेलं 'अरांडोरा स्टार' हे जहाज २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीनं बुडवलं. त्यात ४००हून जास्त इटालियन मेले.

रोजच्या कष्टांची गोष्ट तर निराळीच. पहाटे थंड पाण्यात बटाटे सोलायचे, डोळे काढायचे, पिशव्या उचलायच्या, रात्री उशिरा भट्टी घासायची. वर माडीवर राहणाऱ्या कुटुंबातली मुलं शाळेतून येऊन थेट कामाला लागत. कपड्यांना, केसांना, दप्तराला तळणीचा वास. शाळेतल्या मित्रांचा शुक्रवार म्हणजे चैनीचा दिवस, तर यांचा सगळ्यात कामाचा. दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकांची वंशद्वेषी शेरेबाजी ऐकून घेत चिप्स बांधायचे, हेही त्यातच आलं. अँजेला हुई यांनी २०२२ साली वेल्समधल्या आपल्या कुटुंबाच्या चिनी टेकअवेमधल्या बालपणावर पुस्तक लिहिलं, त्यात काउंटरमागचं हे जग दिसतं.

यातल्या अनेक आईवडिलांची एकच इच्छा असायची की आपल्या मुलांनी शिकावं आणि या भट्टीसमोर उभं राहू नये. ती इच्छा पुष्कळदा पूर्ण झाली. आज काही दुकानं बंद होण्यामागे हेही एक कारण आहे.

स्वस्त माशाची किंमत

चिप्पी स्वस्त होती कारण कॉड स्वस्त होता. आणि कॉड स्वस्त होता कारण हल, ग्रिम्सबीसारख्या बंदरांतली माणसं आइसलँड आणि आर्क्टिकच्या समुद्रात जीव धोक्यात घालून तो आणत होती. १९६८च्या जानेवारी-फेब्रुवारीत काही आठवड्यांच्या आत हल बंदराच्या ३ बोटी बुडाल्या आणि ५८ खलाशी मेले. त्यानंतर लिलियन बिलोका यांच्या पुढाकारानं खलाशांच्या बायका आणि आया रस्त्यावर उतरल्या, थेट लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या आणि बोटींवर सुरक्षेचे कडक नियम लागू करून घेतले.

त्याच सुमारास आइसलँडशी वाद पेटत होता. आपल्या किनाऱ्याजवळचा मासा संपतोय म्हणून आइसलँडनं १९५८पासून मासेमारीची हद्द वाढवत नेली. आधी १२ मैल, १९७२ साली ५० आणि १९७५ साली २०० सागरी मैल. ब्रिटननं आपल्या बोटींच्या संरक्षणासाठी युद्धनौका पाठवल्या. जहाजांच्या टकरी झाल्या, जाळी कापली गेली. या संघर्षांना 'कॉड वॉर्स' म्हणतात. १९७६ साली ब्रिटननं माघार घेतली आणि हल, ग्रिम्सबी, फ्लीटवूडची दूरच्या समुद्रातली मासेमारी जवळपास संपली. आज ब्रिटिश चिप्पीतला बराचसा कॉड आणि हॅडॉक नॉर्वे, आइसलँड अशा देशांकडून येतो.

दुकानं कमी का झाली?

३५,००० वरून आता आकडा साधारण १०,५००वर आला आहे. कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

स्पर्धा: १९७०च्या दशकापासून बर्गर, पिझ्झा, तळलेलं चिकन, कबाब, करी असे शंभर पर्याय आले. कोपऱ्यावरचं गरम जेवण ही एकट्या चिप्पीची मक्तेदारी राहिली नाही.

कर: १९८४ साली बाहेर नेण्याच्या गरम खाण्यावर व्हॅट लागू झाला. आता तो २० टक्के आहे. दुकानातून कच्चा मासा आणि बटाटे आणून घरी तळले तर हा कर नाही, तळलेले घेतले तर आहे.

गिरण्या बंद झाल्या: ज्या कामगार वस्त्यांसाठी ही दुकानं निघाली, त्या वस्त्यांतल्या गिरण्या, खाणी आणि गोद्या १९७०-८०च्या दशकांत बंद पडत गेल्या. शुक्रवारचा पगारच नाही, तर शुक्रवारची रांग कुठून येणार?

युद्ध: २०२२ साली रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि चिप्पीला एकाच वेळी चारी बाजूंनी फटका बसला. सूर्यफुलाचं तेल मोठ्या प्रमाणावर युक्रेनमधून यायचं. पांढरा मासा रशियाच्या बोटींकडून यायचा, त्यावर ब्रिटननं ३५ टक्के जादा आयात शुल्क लावलं. खत महागलं म्हणून बटाटा महागला. आणि दिवसभर पेटत्या राहणाऱ्या भट्टीचं गॅस-विजेचं बिल कित्येक पट वाढलं. एक तृतीयांश दुकानं बंद पडू शकतात, असा इशारा तेव्हा दुकानदारांच्या संघटनेनं दिला होता.

परिणाम गिऱ्हाइकाच्या खिशावर दिसतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार एका फिश अँड चिप्सची सरासरी किंमत जुलै २०१९ मध्ये सुमारे साडेसहा पौंड होती, ती जुलै २०२४ मध्ये १० पौंडांच्या जवळ गेली. पाच वर्षांत ५० टक्क्यांहून जास्त वाढ. चार जणांच्या कुटुंबासाठी आता हे दर शुक्रवारचं जेवण राहिलेलं नाही, अनेकांसाठी ते अधूनमधूनची चैन झालं आहे. मुठीत थोडी चिल्लर घेऊन गेलेलं पोर आता पोट भरून परत येऊ शकत नाही.

आठवण जपायची कशी?

काही ठिकाणी चिप्पी आता संग्रहालयात पोहोचली आहे. ईशान्य इंग्लंडमधल्या बीमिश या खुल्या संग्रहालयात जुन्या पद्धतीचं एक दुकान उभं केलं आहे, जिथं कोळशाच्या भट्टीवर, गोमांसाच्या चरबीत आजही मासा तळतात. लोक त्यासाठी रांग लावतात.

दुसरं उदाहरण हॅरी रॅम्सडेन यांचं. यॉर्कशायरमधल्या गाइझली इथं १९२८ साली त्यांनी एका लाकडी टपरीत धंदा सुरू केला. ३ वर्षांत शेजारी झुंबरं आणि गालिचे असलेलं भव्य रेस्टॉरंट काढलं, म्हणजे गिरणी कामगारालाही एक दिवस थाटात बसून जेवता यावं. पुढे हे नाव देशभरातली साखळी बनलं. पण मूळ गाइझलीची शाखा साखळीनं २०११ साली बंद केली. नंतर ती जागा यॉर्कशायरमधल्याच एका फिश अँड चिप्स व्यवसायानं घेतली आणि तिथं पुन्हा मासा तळला जाऊ लागला.

बाकी बहुतेक दुकानांच्या नशिबी पाटीही नाही. तिथं आता मोबाइलचं दुकान, सलून किंवा नुसतं बंद शटर असतं. जुन्या गावकऱ्यांना मात्र पत्ता सांगताना अजूनही "ती जुनी चिप्पी होती ना, तिथून डावीकडे" असंच तोंडात येतं.

ब्रिटनला जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी

शिक्षण किंवा नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवलेल्या बऱ्या. 'चिप्स म्हणजे बटाटाच ना' असं समजून शाकाहारी माणूस निर्धास्त राहतो, पण विशेषतः यॉर्कशायर आणि उत्तरेकडे ते गोमांसाच्या चरबीत तळलेले असू शकतात. शिवाय मासा आणि चिप्स एकाच तेलात तळले जाण्याचीही शक्यता असते. "कशात तळता?" हा प्रश्न तिथं कुणालाही विचित्र वाटत नाही, बिनधास्त विचारावं. ग्रेव्हीबद्दलही तेच. अळणी वाटलं तर करी सॉस मागता येतो, फक्त घरच्या रश्श्याची अपेक्षा ठेवू नये. तो गोडसर असतो.

आणि शक्य असेल तर शुक्रवारी संध्याकाळी जावं. गॅसचं बिल, माशाचा भाव, सोडून गेलेली पुढची पिढी या सगळ्याशी झगडत जी दुकानं टिकली आहेत, त्यांचा आठवड्याचा हिशेब बऱ्याच अंशी याच संध्याकाळवर अवलंबून असतो. रांगेत पुढे कुणी आजोबा नातवाला घेऊन उभे असतील, काउंटरमागे कुणी सायप्रसचं, चिनी किंवा पंजाबी कुटुंब घाईत पुडकी बांधत असेल. आणि यादी पाठ करत आलेलं एखादं पोर टाचा उंचावून पलीकडे काय चाललंय ते बघायचा प्रयत्न करत असेल.